पेनकिलरने आतड्यातले पॉलिप टळतात का? टळतात, पण म्हणून पेनकिलर घ्यायची का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर ५४ वर्षांचे, रोज डोंबिवली ते सीएसएमटी, कंबर दुखते म्हणून कित्येक वर्षं आठवड्यातून तीन-चार वेळा मेडिकलमधून आणलेली पेनकिलर घेतात, बीपीची गोळी चालू आहे. संडासच्या जागेवरून रक्त पडलं म्हणून कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी झाली, त्यात ८ मिलिमीटरचा एक पॉलिप दिसला, तो तिथल्या तिथे काढला आणि बायोप्सीत आलं ट्युब्युलर अडिनोमा, लो ग्रेड डिस्प्लेशिया, म्हणजे पेशींत थोडासा बदल, कॅन्सर नाही. सासरे सत्तरीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. आता सासूबाई म्हणतात की या गोळ्या खाऊन खाऊनच आतड्यात गाठ झाली, आणि धाकटे दीर, वय ४६, मेसेज पाठवून म्हणतात की उलट याच गोळ्यांनी पॉलिप होत नाहीत, अमेरिकेत मुद्दाम देतात, तेव्हा दादाने रोज एक घेतली तर बरंच आहे. तर कोणाचं खरं?

सासूबाईंचं चूक आहे. पेनकिलरमुळे पॉलिप तयार होतात असं नाही. दिरांचं बरोबर आहे, पण त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलीय आणि उरलेली अर्धी माहीत नसेल तर माणूस किडनीचं किंवा हार्टचं दुखणं घेऊन बसतो. मी पोटाचा डॉक्टर, परळकडे बरीच वर्षं दुर्बिणीच्या तपासण्या करतोय, आणि हा प्रश्न हल्ली ओपीडीत वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेला मांसाचा छोटा कोंब. सगळे सारखे नसतात. अडिनोमा प्रकारचे पॉलिप असतात त्यातले थोडेसेच पुढे कॅन्सरकडे जातात आणि जायलाही साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात, म्हणूनच तर कोलोनोस्कोपीला अर्थ आहे, मधल्या काळात काढून टाकला की तो रस्ता बंद. आता पेनकिलरचा इथे काय संबंध, तर सूज कमी करणाऱ्या सगळ्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अॅस्पिरिन, या शरीरात कॉक्स नावाचं एन्झाइम अडवतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार. कॉक्स-१ रोजची कामं करतं, जठराचं अस्तर सांभाळणं, किडनीचा रक्तपुरवठा राखणं, प्लेटलेट चिकट ठेवणं. कॉक्स-२ सूज आली की वाढतं, आणि गंमत अशी की आतड्यातल्या पुष्कळ अडिनोमांमध्ये पण ते वाढलेलं सापडतं. त्याच्यामुळे तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं द्रव्य त्या कोंबाला वाढायला मदत करतं, पेशी मरायच्या त्या मरत नाहीत, नवीन रक्तवाहिन्या फुटतात. गोळीने हे कमी झालं की पॉलिपची वाढ मंदावते. इतकं साधं आहे, निदान कागदावर.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका भयंकर आजारात. फॅमिलियल पॉलिपोसिस म्हणून आजार आहे, एपीसी नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि आतड्यात शेकड्याने, कधी हजारांनी पॉलिप येतात, आतडं वेळेत काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. १९८३ मध्ये विल्यम वॉडेल या अमेरिकन सर्जनने अशा रुग्णांत सुलिंडॅक नावाची पेनकिलर दिल्यावर पॉलिप विरल्याचं छापलं. मग १९९३ मध्ये नीट ट्रायल झाली, २२ रुग्ण, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना खोटी, आणि नऊ महिन्यांत खऱ्या गोळीवाल्यांचे पॉलिप निम्म्याहून कमी झाले. पण गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांत पुन्हा वाढायला लागले, आणि हे वाक्य दिरांना आवर्जून वाचून दाखवा. म्हणजे गोळी पॉलिप दाबून ठेवते, मुळातून घालवत नाही. त्याच गटाने पुढे २००२ मध्ये ज्यांच्यात जनुक आहे पण पॉलिप अजून आलेच नाहीत अशा तरुण मुलांना सुलिंडॅक देऊन पाहिलं, तर पॉलिप यायचे ते आलेच.

सर्वसाधारण माणसांमध्ये, म्हणजे तुमच्या मिस्टरांसारख्या एक-दोन पॉलिप असलेल्यांत, अॅस्पिरिनचा पुरावा सगळ्यात जुना. १९९१ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या साडेसहा लाखांवर लोकांच्या पाहणीत नियमित अॅस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याच्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० टक्के कमी दिसलं. पाहणी म्हटलं की शंका येतेच, कारण गोळी नेमाने घेणारा माणूस बाकीही नेमाने करतो, पण २००३ मध्ये ट्रायल आल्या. एकीत पॉलिप काढलेले ११२१ लोक होते, तीन वर्षांच्या आसपास परत स्कोप म्हणजे कोलोनोस्कोपी केली, खोट्या गोळीवाल्यांत ४७ टक्क्यांना नवा अडिनोमा, रोज ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिनवाल्यांत ३८ टक्के, आणि ३२५ मिलिग्रॅमवाल्यांत ४५ टक्के, म्हणजे जास्त डोसचा जास्त फायदा असंही नाही. तुम्ही नीट बघितलं तर अॅस्पिरिन घेऊनसुद्धा शंभरातल्या ३८ जणांना पॉलिप आलाच. हा आकडा मी पेशंटला मुद्दाम सांगतो, कारण "गोळी चालू आहे मग स्कोप कशाला" हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं.

आता खरी गोष्ट, जी दिरांच्या मेसेजमध्ये नसणार. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी फक्त कॉक्स-२ अडवणाऱ्या गोळ्या काढल्या, जठराला कमी त्रास व्हावा म्हणून. सेलेकॉक्सिब, रोफेकॉक्सिब ही नावं ऐकली असतील, रोफेकॉक्सिब तर आपल्याकडे पण जोरात विकली जायची. कॉक्स-२ पॉलिपमध्ये असतं तर ही गोळी पॉलिपवर अगदी नेमकी बसायला हवी, म्हणून मोठ्या ट्रायल लावल्या. रोफेकॉक्सिबच्या ट्रायलमध्ये अडीच हजारांवर लोक, सगळ्यांचे आधी पॉलिप काढलेले, रोज २५ मिलिग्रॅम. पॉलिप खरंच कमी झाले, ५५ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर. पण १८ महिन्यांनंतर गोळीवाल्या गटात हार्ट अटॅक आणि लकवे वाढताना दिसले, खोट्या गोळीच्या जवळपास दुप्पट. ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने जगभरातून ते औषध मागे घेतलं, भारत सरकारनेही त्याच डिसेंबरात बंदी घातली. म्हणजे एक अख्खं पेनकिलर बाजारातून गेलं ते पॉलिपच्या ट्रायलमुळे! सेलेकॉक्सिबची तीच कथा, २०३५ लोकांच्या ट्रायलमध्ये तीन वर्षांत पॉलिप ६१ टक्क्यांवरून ४३ आणि जास्त डोसला ३८ टक्क्यांपर्यंत खाली आले, इतका परिणाम अॅस्पिरिनने कधीच दाखवला नव्हता, पण हृदयाचे गंभीर झटके १ टक्क्यावरून डोसप्रमाणे २.३ आणि ३.४ टक्क्यांवर गेले. ट्रायल मधेच थांबवली. सेलेकॉक्सिब आजही मिळतं, सांधेदुखीसाठी देतातही, अशा साध्या पॉलिपसाठी सहसा कोणी देत नाही. आणि एटोरिकॉक्सिब, जी आपल्या प्रत्येक मेडिकलमध्ये सहज मिळते, तिला अमेरिकेत परवानगीच मिळाली नाही, तेव्हा "अमेरिकेत देतात" हा मुद्दा जपून वापरावा.

मग अॅस्पिरिन तरी सगळ्यांना द्यावी का? इथेही तज्ज्ञांनी मत फिरवलंय. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी नको म्हटलं, २०१६ मध्ये पन्नास ते साठच्या, हृदयाला धोका असलेल्या लोकांना रोजच्या छोट्या डोसची शिफारस करताना आतड्याचा फायदाही मोजला, आणि २०२२ मध्ये म्हटलं की आतड्याच्या कॅन्सरसाठी पुरावा पुरेसा नाही. मधे काय झालं? २०१८ मध्ये एक मोठी ट्रायल आली, १९ हजारांवर वयस्कर माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन. फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढले, आणि कोणालाच अपेक्षा नव्हती असं कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण जरा जास्त आलं. वय वाढल्यावर सुरू केली तर गणित उलटं पडू शकतं. अॅस्पिरिनच्या जुन्या ट्रायलच्या लोकांचा वीस वर्षं मागोवा घेतला होता, २०१० मध्ये छापलं, त्यात कोलन कॅन्सर २४ टक्के कमी निघाले खरे, पण तो फायदा दिसायला बरीच वर्षं जावी लागतात आणि रक्तस्राव मात्र पहिल्या महिन्यात पण होऊ शकतो.

अॅस्पिरिनचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे असा एक गट आहे, लिंच सिंड्रोम. यात घरात पिढ्यानपिढ्या आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर कमी वयात दिसतो. ब्रिटिश ट्रायलमध्ये रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलेल्या लिंचवाल्यांत पुढच्या दहा वर्षांत आतड्याचे कॅन्सर साधारण एक तृतीयांश कमी झाले. तुमच्या घरी सासरे सत्तरीत गेले, बाकी कोणाचं तुम्ही लिहिलं नाही, त्यावरून लिंच वाटत नाही. पण आत्या, काका, चुलत भावंडं यांच्यात पन्नाशीच्या आत कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला का हे एकदा सासूबाईंना बसवून विचारा. आपल्याकडे "पोटाचं काहीतरी झालेलं" इतकंच सांगतात, तेव्हा जरा खोदून विचारावं लागतं, ऑपरेशन कुठे झालं, पोटाला पिशवी लावली होती का, असं.

आता मिस्टरांच्या गोळीवर येतो. तुम्ही लिहिलंय की ते "एसपीवाली गोळी" घेतात. ती बहुतेक अॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज अशी तिघांची मिळून असते, मेडिकलवाला अंगदुखी म्हटलं की हीच काढून देतो. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक असतात, भिंग घेऊन एकदा वाचाच. आणि बीपीची गोळी कुठली आहे तेही वाचा, कारण टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधासोबत बऱ्याचदा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथालिडोन म्हणजे लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत असतं. टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवीचं औषध आणि पेनकिलर ही तीन एकत्र आली की किडनीवर तिन्हीकडून ताण पडतो, आणि मुंबईच्या मे महिन्यात गर्दीच्या लोकलमध्ये घाम गाळत उभा असलेला, दिवसभर पाणी कमी पिणारा माणूस असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढायला फार वेळ लागत नाही. शिवाय पेनकिलरने बीपी पण वाढतं, मग डॉक्टर बीपीचा डोस वाढवतो, आणि मूळ कारण पाकिटातल्या गोळीत असतं. तेव्हा सोपं काम करा, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीबीसी आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते पॉलिपमुळे की पेनकिलरने जठरात किंवा छोट्या आतड्यात झालेल्या जखमांमुळे हे बघावं लागेल.

किडनीवरून आठवलं म्हणून सांगतो. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशांच्या दोखम्यावर, म्हणजे जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात तिथे, पूर्वी गिधाडं असायची, ती दिसेनाशी झाली. देशभर गिधाडं संपत आली त्याचं मुख्य कारण डायक्लोफेनॅक निघालं, गुराढोरांना दिलेलं, त्यांचं मांस खाऊन पक्ष्यांच्या किडन्या बंद पडायच्या. २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक सरकारने बंद केलं. माणूस काही गिधाडाइतका नाजूक नाही, लगेच घाबरून जाऊ नका, पण किडनीला लागणारं औषध म्हणजे काय ते यावरून कळतं.

"पण ते सोबत पोटासाठी पॅन घेतात" असं तुम्ही लिहिलंय. चांगलं आहे, पँटोप्राझोल जठर आणि त्याला लागून असलेल्या भागातल्या अल्सरपासून वाचवतं. त्याच्या खालच्या आतड्याला त्याचा उपयोग नाही. पेनकिलरने छोट्या आतड्यात जखमा होतात, कधी कधी वर्षानुवर्षं घेतल्यावर पडद्यासारखे अडथळे पण तयार होतात, आणि मोठ्या आतड्यात डायव्हर्टिक्युला म्हणजे बाहेर आलेल्या छोट्या पिशव्या असतील तर त्यांतून रक्त यायची शक्यता वाढते. दुखत नाही, जळजळ नाही म्हणून अल्सर नाही असं समजू नका. डांबरासारखी काळी, चिकट, वेगळाच वास येणारी संडास झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मग रात्रीचे बारा वाजले असले तरी. लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो, पण ती संडास चिकट नसते.

कंबरेचं काय मग? रोजच्या दुखण्यासाठी साधं पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, दारू नियमित घेणाऱ्याने २ ग्रॅमच्या आत, आणि त्या एसपीत आधीच पॅरासिटामॉल आहे हे मोजायला विसरायचं नाही. पॅरासिटामॉलने पॉलिप कमी होत नाहीत हे खरं, पण आपण ते त्यासाठी देतही नाही. डायक्लोफेनॅकची जेल लावली तर रक्तात अगदी थोडं जातं, ते चालेल. खरा उपाय फिजिओथेरपी, सुरुवातीला कंटाळा येतो, मग फरक पडतो. पेनकिलर लागलीच तर पाच-सहा दिवसांचा कोर्स, डॉक्टरला विचारून, जेवणानंतर, मग बंद. पावसाळ्यात ताप आला तर पेनकिलर, अॅस्पिरिन दोन्ही बाजूला ठेवा, आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू असतो, प्लेटलेट खाली गेलेल्या असताना या गोळ्या घातक ठरतात. तापाला पॅरासिटामॉल.

एक उलटी काळजी पण सांगतो. मिस्टर किंवा घरात दुसरं कोणी हृदयासाठी इकोस्प्रिन ७५, म्हणजे छोट्या डोसची अॅस्पिरिन, घेत असेल, स्टेंट बसवला असेल, तर हे सगळं वाचून ती बंद करू नका. तिथे हिशोब वेगळा आहे, आतड्याला झालेला फायदा म्हणजे वरची कमाई. कोलोनोस्कोपीआधी पण ती बहुतेक वेळा चालूच ठेवतात, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या बाकी गोळ्यांबद्दल मात्र हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरने आपसात बोलून ठरवायचं असतं. इकोस्प्रिन घेणाऱ्याने वर रोज आयब्युप्रोफेन घेतलं तर हृदयासाठीचं काम अडतं, हे पण लक्षात असू द्या. आणि पॉलिप नुकताच काढला असेल तर पुढचे दोनेक आठवडे पेनकिलर नकोच, जखमेतून उशिरा रक्त येऊ शकतं.

आता रिपोर्टकडे या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोलोनोस्कोपीच्या कागदावर सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, गेल्याचं लिहिलंय का आणि तिथला फोटो आहे का, अपेंडिक्सचं तोंड दिसलं पाहिजे. आतडं किती साफ होतं, बॉस्टन स्कोअर ९ पैकी लिहितात, तीन भागांना प्रत्येकी निदान २ हवेत. पॉलिप पूर्ण निघाला असं लिहिलंय का. हे सगळं ठीक असेल तर १० मिलिमीटरपेक्षा छोटा एकच लो ग्रेड अडिनोमा म्हणजे कमी धोक्याचा, पुढची स्कोप अमेरिकन मार्गदर्शनाप्रमाणे ७ ते १० वर्षांनी. सासऱ्यांचा इतिहास धरून तुमच्या डॉक्टरने ५ वर्षं म्हटलं असेल तर वाद घालू नका, बरोबरच आहे. साफ नव्हतं असं असेल, म्हणजे ती जुलाबाची पावडर शेवटच्या ग्लासापर्यंत प्यायली गेली नव्हती, तर वर्षाच्या आत परत करावी लागेल. सिगारेट, दारू, पोटाचा घेर हे पॉलिपचे ठरलेले दोस्त आहेत, त्यातलं मिस्टरांचं काय आहे ते तुम्हालाच माहीत.

रक्त पडत होतं ते ८ मिलिमीटरच्या पॉलिपमधून आलं असेल असं मला फारसं वाटत नाही, मूळव्याध असू शकतो. पण त्याच्यामुळे तपासणी झाली हे बरं झालं, आपल्याकडे संडासला रक्त म्हणजे मूळव्याधच असं धरून वर्षवर्ष गावठी औषधं घेणारे पुष्कळ येतात, त्यातल्या काहींना दुर्बीण घालून बघितल्यावर दुसरंच काही सापडतं.

राहता राहिले दीर. वडिलांना आतड्याचा कॅन्सर झालाय, वय ४६. सख्ख्या नात्यात कॅन्सर असेल तर चाळिशीला स्कोप सुरू करायची असते, म्हणजे त्यांची तारीख होऊन सहा वर्षं झाली. काही त्रास होत नाही हे कारण चालणार नाही, रक्त सोडलं तर दादालाही तसा पोटाचा काही त्रास नव्हता. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत कमी खर्चात होते, नंबर लागायला वेळ जातो. मेसेज पाठवल्याबद्दल त्यांना थँक्यू म्हणा आणि याच महिन्यात अपॉइंटमेंट घ्यायला लावा.